पाण्याची तपासणी पेल्यापासून सुरू करा

साहेब तपासणीला येणार असं कळलं की आपल्याकडे आधी टाकीवरची तारीख रंगवली जाते, टाकी नंतर धुतली जाते. 'टाकी साफ केल्याचा दिनांक' या ओळीपुढचा आकडा इतक्यांदा खोडून लिहिलेला असतो की तेवढ्याच जागी रंगाचा जाड थर दिसतो. निरीक्षक गच्चीवर चढतात, झाकण उचलून आत डोकावतात आणि वहीत शेरा मारून खाली उतरतात. तेच पाणी पुढे पाइपातून कूलरमध्ये येतं आणि साखळीने बांधलेल्या स्टीलच्या पेल्यात पडतं. दिवसभरात तीस-चाळीस माणसं तो पेला तोंडाला लावतात. तपासणीत सगळ्यात कमी वेळ मिळतो तो या पेल्यालाच.

वर्कशॉप, हॉटेल, क्लिनिक किंवा कार्यालय चालवणारे, सोसायटीचा कारभार पाहणारे आणि तिथे काम करणारे, अशा सगळ्यांना माझं सांगणं एवढंच आहे की तपासणी उलटी करा. पेल्यापासून निघा आणि मागे मागे उगमापर्यंत जा. सरकारी माणूस वर्षातून एखाद-दोनदा येईल. पाणी मात्र रोज प्यायलं जातं.

दहा सेकंदांची परीक्षा

पहिली गोष्ट म्हणजे ओटी टेस्टचं किट आणा. पाणीपुरवठ्याच्या कामातला प्रत्येक माणूस ते ओळखतो. डबीत काचेची किंवा प्लास्टिकची नळी, ऑर्थोटोलिडीनची लहान बाटली आणि फिकट पिवळ्यापासून गडद पिवळ्यापर्यंत छटांची पट्टी असते. ज्या नळाचं पाणी माणसं पितात त्याच नळाखाली नळी खुणेपर्यंत भरा, किटवर लिहिले असतील तेवढे थेंब टाका, हलवा आणि दहा सेकंदांच्या आत रंग पट्टीशी जुळवून पाहा. उशीर केला तर रंग गडद होत जातो आणि भलताच आकडा वाचला जातो. पिवळा रंग आला म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. पाणी रंगहीनच राहिलं तर क्लोरीन संपलेलं आहे. तपासलेलं पाणी मोरीत ओता, पिऊ नका. ऑर्थोटोलिडीन हे अपायकारक रसायन आहे, ते हाताला लागू देऊ नये. गुलाबी रंग देणाऱ्या डीपीडी गोळ्यांचं किट मिळालं तर ते अधिक चांगलं.

भारतीय मानक ब्युरोच्या १०५०० : २०१२ या मानकानुसार ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं. साथीच्या दिवसांत ०.५ पर्यंत ठेवतात. पिवळा रंग आला म्हणजे पाण्यात जंतू नाहीत असा त्याचा अर्थ होत नाही, हेही लक्षात असू द्या. वाटेत कुठे थोडी घाण मिसळली तर तिच्याशी लढायला पाण्यात अजून शिबंदी शिल्लक आहे, एवढंच तो रंग सांगतो.

आता खरी तपासणी. हीच चाचणी चार ठिकाणी करा: रस्त्यावरून आत येणाऱ्या लाइनवर, जमिनीखालच्या टाकीत, गच्चीवरच्या टाकीत आणि पिण्याच्या नळाला. लाइनवर पिवळा रंग आला आणि खालच्या टाकीत नाहीसा झाला, तर दोष खालच्या टाकीत आहे. गच्चीपर्यंत रंग टिकला आणि कूलरला गेला, तर कूलर उघडा. अर्ध्या तासात गुन्हेगार सापडतो, कोणाला विचारायची गरज पडत नाही. एक अपवाद तेवढा लक्षात ठेवा. कूलरला कार्बनचा फिल्टर किंवा आरओ जोडलेलं असेल तर क्लोरीन तिथेच निघून जातं. अशा यंत्रानंतरचं पाणी निष्कवच असतं. ते साठवून ठेवलं आणि हाताळलं की त्यात पुन्हा जंतू वाढायला मोकळं रान मिळतं.

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये जे घडलं ते या संदर्भात विसरता येत नाही. सिंहगड रस्त्याच्या बाजूला नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गुलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायांतली ताकद जाणं, चालता न येणं, काहींना श्वासासाठी यंत्र लावावं लागणं असा हा मज्जासंस्थेचा आजार. पोटाच्या संसर्गानंतर तो काहींना होतो. अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि पाण्याकडे बोट गेलं. महापालिकेच्या हद्दीत नव्याने आलेल्या या गावांतला पाणीपुरवठा, विहीर, टँकर आणि खासगी आरओ केंद्रं असं सगळंच तपासलं गेलं. काही आरओ केंद्रांचं पाणी पिण्यास अयोग्य ठरलं आणि ती बंद करण्यात आली. 'आम्ही तर आरओचंच पितो' म्हणणाऱ्या घरांना हा धक्का होता.

म्हणून टीडीएस मीटर दाखवून कोणी पाण्याची खात्री देऊ लागलं तर मान हलवून पुढे व्हा. ते मीटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं, जंतू त्याला दिसत नाहीत. गटाराचं पाणी मिसळलेल्या नळालाही ते ३०० चा छान आकडा दाखवेल. मीटरची ही मिजास आपल्याकडे विक्रेत्यांनी वाढवली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

थंड पाण्याच्या जारचं तेच. सीलबंद वीस लिटरच्या जारवर उत्पादकाचं नाव, तारीख आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. झाकणाला सील नसलेला आणि वर काहीही न छापलेला 'चिल्ड' जार त्या व्यवस्थेच्या बाहेरचा आहे. कार्यालयात तो लावायचा असेल तर पुरवठादाराकडून प्रयोगशाळेचा ताजा अहवाल मागा. शिवाय मधूनमधून जारमधलं पाणी स्वतःच्या खर्चाने तपासून घ्या.

पाणी कुठे बिघडतं

बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळेलाच येतं. पाणी बंद झालं की जमिनीखालच्या लाइनमधला दाब उतरतो. जिथे सांधा सैल आहे, पाइप गंजला आहे आणि शेजारून ड्रेनेजची लाइन जाते, तिथे बाहेरची घाण आत ओढली जाते. पाणी पुन्हा सुटलं की ती पहिल्या लोंढ्याबरोबर तुमच्या टाकीत येते. पाणी आल्यावर पहिली काही मिनिटं ते टाकीत न घेता झाडांना, फरशीला जाऊ द्या. लाइनला थेट पंप लावून पाणी ओढणाऱ्यांनी तर ही ओढ स्वतःच निर्माण केलेली असते. पालिका त्याला बंदी घालते ती पाण्याच्या चोरीपुरती नाही.

जमिनीखालची टाकी पाहताना आतल्या भिंतींआधी झाकण पाहा. जुन्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये हे झाकण फरशीच्या पातळीला असतं. रविवारी कोणी गाडी धुतो, ते साबणाचं पाणी वाहत येऊन झाकणाच्या फटीतून आत उतरतं. पावसाळ्यात चौकातलं पाणी तुंबलं की तेही उतरतं. टाकीच्या तोंडाला वीतभर उंचीचा कठडा बांधून त्यावर बाहेरून खाली वळणारं झाकण बसवायला फार खर्च येत नाही. तेवढ्याने अर्धं काम होतं. ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी हवी. झाकणाला कुलूप हवं. टाकी आणि संडासाची टाकी एका भिंतीने जोडलेली असेल तर ती दुरुस्तीची गोष्ट नाही, पिण्याच्या पाण्याची टाकी दुसरीकडे हलवावी लागते.

उन्हाळ्यात प्लंबरला बोलावून बोअरची लाइन नळाच्या लाइनला जोडून घेतात. मधला व्हॉल्व्ह पावसाळ्यात कोणी बंद केला की नाही हे कोणालाच आठवत नाही. अशी जोडणी मुळातच नको. बोअरचं पाणी वापरायचं असेल तर त्याची टाकी आणि पाइप वेगळे ठेवा, पाइपांना वेगळा रंग द्या आणि नळावर 'पिण्यासाठी नाही' असं मराठीत आणि हिंदीत लिहा.

टाकी धुणं आणि टीसीएल

टाकी धुताना जंतूंपेक्षाही मोठा धोका आत उतरणाऱ्या माणसाला असतो, आणि हे मी आधी सांगतो. बंद टाकीत हवा कोंडलेली असते, प्राणवायू कमी असू शकतो. झाकण पुरेसा वेळ उघडं ठेवा, पंख्याने हवा खेळवा, कमरेला दोर बांधल्याशिवाय आणि वर दुसरा माणूस असल्याशिवाय कोणालाही आत उतरवू नका. आतला माणूस बेशुद्ध पडला तर त्याला वाचवायला दुसऱ्याने तशीच उडी मारू नये. असे प्रकार एका मृत्यूवर थांबत नाहीत. फरशीसाठी आणलेलं ॲसिड टाकीत नेऊ नका. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

गाळ काढा, भिंती घासा, घासलेलं पाणी पूर्ण उपसा. टाकी नवी असेल किंवा तिच्यात पुराचं, गटाराचं पाणी गेलं असेल तर नुसतं घासून भागत नाही. ती भरून लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन होईल इतकी पावडर घालतात, म्हणजे २५ टक्के क्लोरीनची पावडर असेल तर हजार लिटरला २०० ग्रॅम. रात्रभर ठेवून सकाळी ते पाणी टाकून देतात आणि मग टाकी पुन्हा धुतात. 'हे पाणी पिऊ नका' अशी पाटी प्रत्येक नळावर रात्रीच लावा. पहाटेच्या पाळीचा कामगार सगळ्यांत आधी नळ उघडतो.

रोजच्या शुद्धीकरणाचा हिशेब वेगळा. ३३ टक्के क्लोरीनची ५ ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, हजार लिटरमध्ये टाकली की लिटरमागे साधारण १.६ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतं. त्यातलं काही पाण्यातल्या घाणीशी लढण्यात खर्च होतं आणि उरलेलं ओटीला दिसतं. पावडर थेट टाकीत फेकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग पाणी वाढवा, चुना तळाशी बसू द्या आणि वरची निवळी टाकीत ओता. अर्ध्या तासाने ओटी घ्या. पिण्याच्या नळाला रंग येईना तर मात्रा वाढवा, उग्र वास येऊ लागला तर कमी करा. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीने निवळून घ्या. गाळात क्लोरीन वाया जातं. आणि पालिकेच्या पाण्यात नळापर्यंत क्लोरीन शिल्लक असेल तर वरून पावडर घालायचं काहीच कारण नाही.

पावडरची ताकद उतरते. जिन्याखाली तोंड उघडं पडलेलं पोतं, त्यात ओल लागलेली, वास गेलेली पावडर: ही टीसीएल नाही, जवळपास नुसता चुना आहे. छोट्या पॅकमध्ये घ्या, पॅकची तारीख पाहा, झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सावलीत ठेवा.

प्रयोगशाळेचा कागद

ओटी रोजची. जंतूंसाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो. पावसाळ्याआधी, पावसाळ्यानंतर आणि पाइपाचं मोठं काम झाल्यावर तो द्यावा, असं मी सुचवेन. गावांमध्ये हे वेळापत्रक बरंच रुळलेलं आहे. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण एप्रिल आणि ऑक्टोबर असं दोनदा होतं, त्यावरून जोखमीनुसार लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड दिलं जातं. गावाला कोणतं कार्ड मिळालं हे ग्रामपंचायतीत विचारा. लाल असेल तर त्यामागची कारणं त्याच सर्वेक्षणात लिहिलेली असतात: विहिरीला कठडा नाही, हातपंपाचा ओटा फुटला आहे, जवळ उकिरडा आहे, टीसीएलचा साठा नाही. यातली बरीच कामं गवंड्याच्या दोन दिवसांची असतात.

नमुन्याची बाटली प्रयोगशाळेतूनच आणा. तिच्या तळाशी थोडी पांढरी पूड किंवा थेंब दिसेल. ती घाण समजून धुऊन टाकू नका. पाण्यातलं क्लोरीन निष्प्रभ करायला ती घातलेली असते, नाहीतर वाटेत जंतू मरतात आणि अहवाल खोटाच चांगला येतो. नळाचं फडकं, जाळी, रबरी नळी काढा. तोंड पुसा, धातूचा नळ असेल तर ज्योतीने शेका, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या. बाटलीच्या तोंडाला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागता कामा नये. काठोकाठ भरू नका. बर्फाच्या डब्यात ठेवा आणि शक्यतो सहा तासांत पोहोचवा. बाटलीवर 'नळाचं पाणी' असं मोघम न लिहिता कोणता नळ, किती वाजता आणि त्या वेळी ओटी किती, हे लिहा.

अहवालात पहिल्यांदा कोलिफॉर्म आणि ई. कोलायची ओळ शोधा. शंभर मिलिलिटरमध्ये ते सापडता कामा नयेत. तिथे सवलत नाही. बाकीच्या घटकांना मानकात दोन रकाने असतात, एक स्वीकार्य मर्यादा आणि दुसरा पर्यायी स्रोत नसल्यास चालेल ती मर्यादा. विरघळलेल्या क्षारांना ५०० आणि २०००, जडपणाला २०० आणि ६००, फ्लोराइडला १ आणि १.५ मिलिग्रॅम. नायट्रेटला मात्र ४५ हीच मर्यादा, दुसरा रकाना नाही. नायट्रेट वाढलेलं पाणी उकळून उपयोग नाही. पाणी आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचा प्रश्न जुना आहे, तिथे जंतूंच्या चाचणीवर थांबू नका.

कामाच्या जागी काय पाहतात

कारखान्यात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारी येतात, हॉटेलात अन्न व औषध प्रशासनाचे आणि पालिकेच्या आरोग्य खात्याचे, दुकान-कार्यालयात कामगार खात्याचे. प्रत्येकाचा कागद वेगळा, पण पाण्याबद्दलची अपेक्षा जवळपास एकच. १९४८ च्या कारखाने कायद्यातलं अठरावं कलम या बाबतीत नमुनेदार आहे. बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत 'पिण्याचे पाणी' लिहिलेलं असावं, आणि ती जागा मुतारी, संडास, धुण्याची जागा, पिकदाणी किंवा उघडं गटार यांच्यापासून सहा मीटरच्या आत नसावी. अडीचशेपेक्षा जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात थंड पाण्याची सोय हवी. आता जुन्या कायद्यांची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली असली, तरी पिण्यायोग्य पाणी देण्याची मालकाची जबाबदारी हललेली नाही.

टेप घेऊन ते सहा मीटर एकदा मोजाच. एमआयडीसीतल्या कित्येक शेडमध्ये कूलर मुतारीच्या दाराशेजारी असतो, कारण प्लंबिंगची लाइन तिथूनच जाते. मालकाचे दोन मीटर पाइप वाचतात. कूलरच्या खालच्या ट्रेमध्ये साचलेलं पाणी, तोटीला चिकटलेला हिरवट थर, आत कधी न बदललेली कँडल आणि तो साखळीचा पेला, हे चार पाहिले की त्या जागेची कहाणी कळते. पेला काढून टाका आणि कामगारांना स्वतःच्या बाटल्या भरू द्या. हात धुण्याच्या जागी साबण नसेल तर पाण्याचा अहवाल कितीही चांगला असो, जुलाब थांबणार नाहीत.

एका दिवसात एकाच जागचे दोन-तीन जण उलट्या-जुलाबाने आजारी पडले तर 'काल डबा बाहेरचा होता' म्हणून सोडून देऊ नका. तिथलं पाणी पिणं ताबडतोब बंद करा. उकळी फुटल्यावर पुढे निदान एक मिनिट उकळलेलं किंवा सीलबंद पाणी द्या, आजाऱ्याला ओआरएस सुरू करा आणि पालिकेच्या आरोग्य विभागाला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. टाकीत पावडर टाकण्याआधी नमुना घ्या. घाबरून आधी टीसीएल ओतलं की दोष कुठे होता ते कायमचं पुसलं जातं, आणि पंधरा दिवसांनी तेच पुन्हा होतं.

एक शंभर पानी वही कूलरजवळ टांगा. तारीख, वेळ, नळ, ओटीचा आकडा, सही. निरीक्षक आले की ही वही पुढे करा आणि ते शेरा लिहून गेले की त्याची सहीची प्रत मागून घ्या.

दोष तुमच्या आवारात नसून रस्त्यावरच्या लाइनमध्ये असेल तर पाणीपुरवठा विभागाकडे लेखी तक्रार करा आणि चारही ठिकाणच्या ओटीचे आकडे तीत लिहा. आकड्यांची तक्रार टाळणं अवघड जातं. दाद लागली नाही तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये शुल्क, उत्तराला तीस दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवायचा असतो, त्यामुळे 'माझ्या भागातील गेल्या वर्षभराच्या पाणी नमुन्यांचे अहवाल आणि अयोग्य नमुन्यांवर केलेली कार्यवाही' एवढंच मागा. या कायद्याने कागदाच्या प्रतीबरोबरच कामाची पाहणी करण्याचा आणि सामग्रीचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क दिला आहे, आणि तो फार कमी लोक वापरतात. तुम्ही वापरणार असाल तर बाटली आदल्या दिवशीच प्रयोगशाळेतून आणून ठेवा, आणि नमुना त्या दिवशी किती वाजेपर्यंत घेतात तेही विचारून ठेवा.